मशीनला न दिलेला सूर

आधीच सांगून ठेवतो, मी असलं काही मानणारा माणूस नाही. अमानवीय अनुभवांचा हा धागा वाचतो, वेळ बरा जातो, पण वाचताना मनात म्हणत असतो की याला ताप चढला असेल, त्यानं जरा जास्त घेतली असेल. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेला मी पहिला. बाबा भात गिरणीत पोती उचलायचे, आई उन्हाळ्यात तेंदूपानाला जायची. मी चंद्रपूरला बी.एस्सी. केलं, मग नागपूरला राहून कॉम्प्युटरचा मोठा कोर्स केला. गावात कोणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर जायचो. जे मोजता येतं ते खरं, बाकी सगळं बोलायच्या गोष्टी... असं माझं सरळ गणित होतं. अजूनही आहे. म्हणूनच हे लिहायला सहा-सात वर्षं लागली.

ठिकाण — चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. साल २००२, दिवाळीला दोन-तीन आठवडे बाकी. मेन रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर माझं कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होतं. इन्स्टिट्यूट म्हणजे एक खोली, तीन कॉम्प्युटर आणि बाहेर मी स्वतः रंगवलेला बोर्ड. तिसरा कॉम्प्युटर मी कोणाला हात लावू द्यायचो नाही, कारण त्याच्यात माझा प्रोजेक्ट होता.

नागपूरला आम्हाला ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ नावाचा एक पेपर होता. पुस्तकात सगळं बुद्धिबळाचं आणि रोबोटचं. मी म्हटलं, आपल्याकडे नाटकं होतात, गाणी होतात, तर मशीनला चाल लावायला शिकवू. प्रोग्राम काही फार अवघड नव्हता. एखाद्या वाजवणाऱ्याच्या पुष्कळ चाली मशीनला द्यायच्या. कोणत्या सुरानंतर कोणता सूर किती वेळा आला, हे मशीन मोजतं आणि त्याचं एक टेबल, म्हणजे तक्ता, बनवतं. मग नवीन चाल काढायची तर त्या टेबलावरून चिठ्ठ्या उचलल्यासारखा एकेक सूर उचलायचा. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, तो जास्त वेळा येणार. ज्याची चिठ्ठीच नाही, तो कधीच येणार नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढं सगळं याच्यावरच आहे.

आता माणसं सांगतो. झाडीपट्टीच्या नाटकांचं मोठं ठाणं वडसा, पण आमच्याकडेही एक लहानशी कंपनी होती. मालक सुरेशभाऊ. दिवाळीनंतर सीझन सुरू व्हायचा, होळीपर्यंत गावोगाव प्रयोग. या कंपनीत पायपेटीवर — म्हणजे पायानं भाता चालवायचा तो ऑर्गन — तुळशीराम मास्तर. तीस वर्षं तीच खुर्ची. गाण्यांच्या चालीही तेच लावायचे. तबल्यावर रहीमभाई. त्यांचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं, पण सीझन लागला की दुकान भावावर टाकून ते कंपनीसोबत निघायचे.

त्या वर्षीच्या नाटकात एक अंगाई होती. आई घर सोडून जाणार असते आणि जाण्याआधी मुलीला झोपवते. सगळं नाटक त्या गाण्यावर उभं. आणि मास्तरांना एक महिना झाला तरी तिची चाल लागत नव्हती. रोज नवीन चाल आणायचे, तालमीत वाजवायचे, मधेच थांबायचे आणि म्हणायचे, “चाल लागते. पन लेकरू झोपत नाई तिच्यात.”

सुरेशभाऊ कंटाळले. एक दिवस माझ्याकडे पोस्टरचा मजकूर टाइप करायला आले आणि बोलून गेले, “आता नागपूरहून कीबोर्डवाला आनतो बाप्पा. त्याच्यात शंभर वाद्यं राह्यतेत. मास्तर थकले.”

खरं सांगतो, मास्तरांची दया येऊन मी बोललो नाही. शिकलेपणाच्या घमेंडीनं बोललो. म्हटलं, “भाऊ, नागपूरची काय गरज? मास्तरच्या जुन्या चाली मले द्या. मास्तरसारखीच नवी चाल माझं मशीन काढून देईल.”

सुरेशभाऊंनी माझ्याकडे आणि कॉम्प्युटरकडे पाहिलं. “रविवारी सकाळी तालीम हाय. तवापर्यंत झालं तर ठीक. नाई तर सोमवारी मी नागपूरच्या गाडीत.”

मास्तरांना हे कळल्यावर ते चिडतील असं वाटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी रहीमभाईंसोबत जिना चढून आले. सडपातळ, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. माझा सेकंडहँड कीबोर्ड केबलनं कॉम्प्युटरला जोडलेला होता. त्यांनी त्याच्या खाली वाकून पाहिलं.

“याले भाता कुठी हाय?”

“भाता नाही मास्तर. करंटवर चालतो.”

“म्हंजे बिन दमाची पेटी,” ते रहीमभाईंना म्हणाले.

रहीमभाई म्हणाले, “अच्छा हय ना मास्तर, तुमचे पाय वाचले. बाबू, तुह्या मशीनले चहा लागते का? नाई तर आमचे दोनच सांग.”

तीन दुपारी मास्तर वाजवत होते. माझ्या सोयीसाठी मी त्यांना पांढरी एकला सा धरायला लावला. चाळीसच्या वर चाली भरल्या. नाट्यपदं, भजनं, दंडारीतली म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातली गाणी, नाटकाच्या शेवटची भैरवी... वाजवताना मास्तरांचे डोळे खिडकीबाहेर.

तिसऱ्या दिवशी टेबल तयार झालं. प्रत्येक पट्टीला मशीनमध्ये एक नंबर असतो. पाहतो तर सत्तर नंबरची ओळ आडवी-उभी सगळी शून्य. सत्तर म्हणजे पाचवी काळी पट्टी, पांढरी एकमध्ये कोमल नी. वरच्या सप्तकात शून्य, खालच्यात शून्य. मला वाटलं पट्टी खराब आहे. दाबून पाहिली, तर चांगली वाजली.

“मास्तर, ही पट्टी तुमच्या हातून एकदाबी वाजली नाही?”

“नाई वाजवत,” ते म्हणाले.

“पण भैरवीत तर लागते ना?”

रहीमभाई मधेच म्हणाले, “अरे बाबू, चहावाल्याले आवाज दे.” मी समजलो की ही त्यांची स्टाईल असेल. संगीतातलं मला फार कळत नव्हतं, मला आकडे कळत होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं बसलो आणि मी मशीनकडून चाली काढायला लागलो. पहिल्या दहा-बारा अशा निघाल्या की रहीमभाई हसून लोळायचे बाकी होते. “हे तर बाजाराच्या दिवशी पिऊन घरी चाललेला मानूस हाय! इकडं भिंतीले, तिकडं भिंतीले.” मास्तरही हसले. म्हणाले, “चार पावलं माह्यासारखी टाकते, पाचवं कुठीबी.” माझं तोंड उतरलं. मी पुन्हा बटण दाबलं.

ही चाल वेगळी निघाली. पहिली ओळ सरळ मास्तरांची, इतकी की रहीमभाईंची बोटं टेबलावर ठेका धरायला लागली. दुसरी ओळ वर गेली, खाली यायला लागली... आणि येता येता एका सुरावर थांबली. थांबली म्हणजे अडकल्यासारखी. तो सूर लांबतच गेला. मग चाल पुढं सरकली, फिरून तिथंच आली आणि पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही.

रहीमभाईंची बोटं बंद पडली होती. मास्तर उभे राहिले होते.

“बंद कर,” ते म्हणाले.

मी बंद केलं. ते जिना उतरून गेले. खिडकीतून पाहिलं तर खाली औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, भर उन्हात, लोक बाजूनं जात-येत होते.

“काय झालं रहीमभाई? एवढी बेकार होती का?”

रहीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “हा सूर कुठून आनला तू?”

“कोणता?”

“जो मास्तर वाजवत नाई तो.”

मी म्हटलं, शक्यच नाही. प्रोग्राम चाल वाजवायच्या आधी तिची फाईल बनवतो. मी फाईल उघडली. आकड्यांची रांग... बहात्तर, एकोणसत्तर, सदुसष्ट... आणि मधे सत्तर. तीन वेळा. टेबल उघडलं. सत्तरची ओळ — शून्य, शून्य, शून्य. मास्तरांनी वाजवलेल्या सगळ्या चाली एकेक करून तपासल्या. एकाही चालीत सत्तर नाही. डब्यात चिठ्ठीच नव्हती आणि ती निघाली होती, तीन वेळा. दुपारचे अडीच वाजले होते, पंखा चालू होता आणि माझ्या हातावर काटा आला होता.

मग रहीमभाईंनी सांगितलं.

मास्तरांना एक मुलगी होती, कुंदा. सात वर्षांची. मास्तर घरी चाल लावायला बसले की मांडीवर येऊन बसायची आणि त्या एकाच काळ्या पट्टीवर बोट ठेवायची. उचलायचीच नाही. बाप म्हणायचा, सोड बाई, तर म्हणायची, हा माझा. तिची एक चिंध्यांची बाहुली होती. तिला झोपवायला काहीबाही गायची आणि गाता गाता नेमकी त्या सुरावर येऊन थांबायची, दम संपेपर्यंत. एका सीझनला कंपनी कुरखेड्याच्या पुढं जंगलातल्या गावांत फिरत होती, इकडं कुंदाला डोक्यात चढणारा मलेरिया झाला. निरोप एका गावात पोचला तेव्हा कंपनी दुसऱ्या गावात. मास्तर घरी आले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

“महाशिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेत गेलो आमी,” रहीमभाई म्हणाले. “मी काठावर चपला सांभाळत बसलो. मास्तर वैनगंगेत उतरले. लोक काशीले जाऊन वांगं सोडतेत, कोनी भोपळा सोडते. मास्तरनं सूर सोडला. वर येऊन मले सांगतलं. म्या म्हनलो, मास्तर, दुसरं काईबी सोडा, याच्यात आपला धंदा हाय! खमाज गेला, काफी गेला, भैरवी लंगडी होईन. तर म्हने, रहीम, तिले तोच पायजे होता, तिले देऊन आलो. बारा साल झाले. भैरवीत ती जागा आली का मी तबल्यानं झाकतो. मालकालेबी नाई मालूम.”

तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे लोडशेडिंगचा नेम नव्हता, गेली की दोन तास. पंखा थांबला, तसे मास्तर वर आले. त्यांना वाटलं असेल, लाइटसोबत ती चालही गेली. अंधारलेला स्क्रीन पाहून ते खुर्चीवर बसले.

“पुसलं का ते?”

“नाही मास्तर, फाईल आहे. लाइट आली की ऐकवतो.”

“मंग बसतो.”

मग त्यांनी विचारलं, “बाबू, तुह्या मशीनले लेकरूबाळ हाय का?”

मला वाटलं टोमणा आहे. पण ते खरंच विचारत होते.

“नाही मास्तर.”

“कोनी मेलं हाय का त्याचं?”

“मशीनचं कोण मरणार?”

“मंग तिथी काऊन थांबलं ते?”

मी आठवून आठवून पुस्तकातलं सांगायला लागलो. मोजणी, टेबल, चिठ्ठ्या, अंदाज. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे म्या जे देलं, तेच ते परत देते.”

“हो.”

“हा सूर म्या नाई देला.”

“नाही.”

“आन् त्या जागी कोनी मास्तर थांबत नाई, बाबू. गानं शिकलेला मानूस तिथून उतरून जाते. तिथी फक्त माही पोर थांबे.”

मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालेला माणूस... आणि दहावी नापास मास्तरांपुढं मान खाली घालून बसलो होतो.

लाइट साडेचारला आली. मी मशीन सुरू केलं. फाईल होती. तशीच वाजली. मास्तरांनी ती तीनदा ऐकली. कीबोर्ड समोरच होता, पण त्याला हात लावला नाही.

“आता हे रविवारी वाजवू कसं?” ते म्हणाले. “सोडेल हाय.”

रहीमभाई म्हणाले, “तुमी कुठी मांगाले गेलते मास्तर? आपोआप आलं ते.”

“आपोआप आलं म्हनून खाते का मानूस? सोडेल म्हंजे सोडेल.”

आणि गेले. मला वाटलं, संपलं. सोमवारी नागपूरचा कीबोर्डवाला येणार.

रविवारी सकाळी मीही तालमीला गेलो. शाळेच्या मागचा हॉल. सुरेशभाऊ खुर्ची उलटी करून बसलेले. आईचं काम करणाऱ्या मंदाताई नागपूरच्या होत्या, तीन सीझन कंपनीत. मास्तरांनी त्यांना बाजूला घेऊन पाच मिनिटं काहीतरी सांगितलं, मग पायपेटीवर बसले आणि अंगाई सुरू झाली.

मशीनची चाल नव्हती ती. सुरुवातीची दोन-चार पावलं तिची, बाकी सगळं मास्तरांचं. पण दुसऱ्या ओळीला सूर वर गेले, खाली यायला लागले... आणि त्या जागेवर मास्तरांनी दोन्ही हात उचलले. पायही थांबले. रहीमभाईंनी ती जागा झाकली नाही, तेही थांबले. आणि त्या शांततेत मंदाताईंनी एकटीनं, कसल्याच आधाराशिवाय, तो कोमल नी लावला आणि दम संपेपर्यंत धरून ठेवला. मग पेटीनं हळूच पुन्हा सा दिला.

गाणं संपल्यावर सुरेशभाऊंनी खुर्ची सरळ केली. “मास्तर... तिथी पेटी बंद पडली का केली?”

“केली.”

“रोज कराची?”

“रोज.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले आणि उगाच दुसरीकडं पाहायला लागले. नागपूरचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या रविवारी एक गोष्ट मला कळली. माझं मशीन सूर काढू शकतं — कसा काढला ते माहीत नाही, पण काढला. तिथं हात उचलायचे, ही गोष्ट मात्र कोणत्याही टेबलात येणार नाही. ती मास्तरांनी शनिवारच्या एका दिवसात कुठून आणली, हेसुद्धा मला तेवढंच अमानवीय वाटतं. असो.

आता खुलाशाचं. केबल लूज असेल असं कोणी लिहू नये. केबल मी तीनदा बदलली, आणि ती चाल केबलमधून आलेलीच नव्हती. मेमरीत कचरा राहिला असेल म्हणाल, तर कचऱ्यात कोणताही आकडा आला असता. सत्तरच का, आणि त्याच जागेवर तीन वेळा का? प्रोग्राम मी नागपूरच्या माझ्या सरांना दाखवला. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला आणि म्हणाले, “यातून सत्तर येऊच शकत नाही.” मी म्हटलं, फाईल पाहा. त्यांनी फाईल पाहिली आणि विषय बदलला. एक विचार माझ्या मनात येतो, की मास्तर बारा वर्षं जी जागा टाळत होते, ती त्यांच्या प्रत्येक चालीत खड्ड्यासारखी असेल, आणि खड्ड्याच्या कडा मोजता मोजता मशीनला खड्डा सापडला असेल... पण माझं मशीन एवढं हुशार नव्हतं हो. मीच बनवलं होतं. मला माहीत आहे ते काय होतं.

मास्तर अजून येतात. सीझन नसला की आठवड्यातून एखाद्या दुपारी जिना चढतात. मी जुनी फाईल लावू का विचारतो, तर नको म्हणतात. “ते आयकलं. नवीन काई म्हनते का पाह्य.” मी तो जुना प्रोग्राम चालवतो. दहा चाली, वीस चाली. ते डोळे मिटून ऐकतात. त्या दिवसानंतर सत्तर एकदाही आलेला नाही.

टेबलातल्या एका शून्याच्या जागी एक आकडा टाकायचा म्हटलं तर मला पाच सेकंद लागतील. त्यांना कधीच कळणार नाही. कितीदा बोट त्या बटणापर्यंत गेलं आहे. अजून टाकलेला नाही, आणि टाकणार नाही — का, ते मला नीट सांगता येत नाही, तेही या न उलगडलेल्या गोष्टींतच धरा.

गेल्या आठवड्यात आले होते. वीस चाली ऐकल्या. मग दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि उठले.

“आज नाई,” म्हणाले. “खेळत असन कुठी.”